बंदर येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही

आमच्या गाडीचं इंजिन पुढच्या सीटच्या खालीच होतं. त्यामुळे बाबांच्या शेजारी बसलं की उन्हाळ्यात खालून शेक लागायचा, आणि तो लागतोच म्हणून कुणी त्याबद्दल बोलायचं नाही. त्या दिवशी सावर्ड्याहून परत येताना शेक नेहमीपेक्षा जास्त आहे असं मला बावनदीचा पूल ओलांडताना वाटलं. मी जरा सरकून दाराजवळ बसले. मला वाटलं, दुपारचं ऊन असेल.

माझी दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली होती, म्हणून मी बाबांसोबत गेले होते. आई पहाटे बंदरावर लिलावात मासळी घेते. त्यातली थोडी ती स्वतः रत्नागिरीच्या बाजारात विकायला बसते आणि बाकीची बर्फाच्या पेट्यांत भरून बाबा गाडीने हातखंबा, संगमेश्वर, सावर्डे इथे पोचवतात. मागची सीट काढून टाकलेली, तिथे पेट्या. जाताना पेट्या भरलेल्या असतात आणि येताना रिकाम्या, म्हणून येताना त्या खडखडत असतात. त्या खडखडाटात इंजिनाचा आवाज बदललेला मला कळला नाही. बाबांना कळला होता. त्यांनी मान थोडी तिरकी केली होती.

निवळीचा घाट चढताना मी पाहिलं, तापमानाचा काटा वर गेला होता.

"बाबा, काटा लाल रेषेला लागलाय."

"असू दे. ती मीटरं काय खरं सांगतात?"

"पण सीटपण तापलेय. थांबूया का जरा?"

"घाटात कुठं थांबतेस? हातखंबा गाठू आधी." त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढून खाली गाडीच्या कुशीकडे बघितलं. तेव्हा मला कळलं नाही ते काय बघतायत.

घाट संपला. निवळी मागे गेली. मी आणखी एकदा "बाबा" एवढंच म्हटलं. मग कुणीतरी आतून हातोडे मारावेत तसा आवाज झाला, गाडीने एक गचका दिला आणि सगळं बंद पडलं. रिकाम्या पेट्यासुद्धा गप्प झाल्या. सीटखालून वाफ यायला लागली. हातखंब्याचा तिठा पुढच्या वळणापलीकडे होता.

बाबा आयुष्यभर बोटीवर इंजिन ड्रायव्हर होते. तांडेल बोट चालवतो, पण इंजिन सांभाळतो तो ड्रायव्हर. बोटीवरची मीटरं खाऱ्या हवेने एका मोसमात सडतात आणि काटे कुठेतरी अडकून बसतात, म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. इंजिन थंड करून आलेलं पाणी बोटीच्या कुशीतून बाहेर पडतं. ती धार चालू असली की इंजिन ठीक. ड्रायव्हर वाकून धार बघतो, इंजिनावर तळहात ठेवतो आणि आवाज ऐकतो. आणि काहीही झालं तरी बंदर येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. समुद्रात इंजिन बंद पडलं की बोट लाटेला आडवी होते. हे मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकलं होतं, म्हणजे मला हे माहीत होतं. फक्त त्या दिवशी घाटात ते खिडकीतून वाकून पाण्याची धार शोधत होते, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

एका टेंपोवाल्याने गाडी ओढून हातखंब्याच्या गॅरेजपर्यंत आणली. गॅरेजवाला बाबांच्या ओळखीचा. तो सीट उचलून आत डोकावला आणि म्हणाला, "काका, काय हो हे? ह्याच्यावर भात शिजवलात की काय?"

बाबा हसले नाहीत. "पाईप फुटला. एकदम."

"पाईप फुटलाय खरा. पण पाईप फुटला की काटा वर जातो ना हो. बघितला नाय?"

"काटा बंदच आहे. कधीपासून."

गॅरेजवाल्याने सहज चावी फिरवली. इंजिन काही हललं नाही, पण काटा उठला आणि सरळ लाल रेषेवर जाऊन उभा राहिला. तिथे आम्ही तिघंच होतो. गॅरेजवाल्याने माझ्याकडे बघितलं, मग चावी काढून बाबांच्या हातात दिली आणि म्हणाला, "असतात असे काटे. कधी चालतात, कधी नाय."

मग त्याने सांगितलं की इंजिन सीज झालंय. खोलून दुरुस्त करण्यात अर्थ नाही, आतलं सगळं एकमेकांना धरून बसलंय. कोल्हापूरला अपघातातल्या गाड्यांची इंजिनं मिळतात, तसलं एखादं आणून बसवता येईल. नाहीतर गाडी आहे तशी भंगारात. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? बसवा म्हटलं तर माझं काम वाढतं. पत्रा बघ खालून, मिठाने चाळण झालेय. इंजिन चालेल, नि एक दिवस पेट्या रस्त्यावर पडतील." तो हसला. "पण चालेलपण. मला खरंच म्हायत नाय."

घरी आल्यावर आईने एकच विचारलं, "कसं झालं?"

"पाईप फुटला," बाबा म्हणाले. मी नळावर पेट्या धूत होते. आईने माझ्याकडे बघितलं, पण मला काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. ते बाबांनी सांगायचं होतं, आणि ते सांगतील असं मला वाटत होतं.

पैशांचं म्हणाल तर आईच्या बचत गटातून सोय झाली असती. खरा प्रश्न निराळा होता आणि तो घरात सगळ्यांना माहीत होता. बाबा बोटीवरून उतरले ते आपणहून नाही. इंजिनरूममध्ये त्यांना चक्कर आली होती आणि तापलेल्या नळीवर हात टेकून ते पडले होते. कोपरापासून मनगटापर्यंत अजून तो डाग आहे. डॉक्टर म्हणाले, पुन्हा इंजिनरूममध्ये उतरायचं नाही. तेव्हा आईने ही जुनी गाडी घ्यायला लावली. म्हणजे गाडी होती म्हणून बाबा जमिनीवर होते. गाडी गेली तर त्यांना येणारं काम एकच.

ते काम दुसऱ्याच दिवशी दारात आलं. बाबा ज्यांच्या बोटीवर होते ते नाखवा, म्हणजे बोटीचे मालक, मांडवीला कुणाकडे तरी आले होते, तिथून आमच्याकडे वळले.

"काय ड्रायव्हर, हातखंब्याला नांगर टाकलास म्हणे?"

"नांगर कसला, बुडाली," बाबा म्हणाले.

"बरं झालं. रस्त्यावरची गाडी काय चालवायची चीज आहे? खड्डे मोजायचं काम." नाखवा खुर्चीत बसले. "पुढल्या मोसमाला ये. नवीन पोरगा ठेवलाय, तो कानात गाणी घालून बसतो. इंजिन तिकडे बोंबलतंय, हा इकडे नाचतोय. तुझ्या हाताची सवय आहे त्या इंजिनाला."

आई चहा घेऊन बाहेर आली. "नाखवा, चहा घ्या. दर्याचं सोडून काय हवं ते बोला."

"वैनी, मी काय बांधून नेतोय त्याला?"

"बांधून नेलात तर सोडवून तरी आणीन. आपल्या पायांनी आला तर काय करू?"

नाखवा मोठ्याने हसले. बाबाही हसले. मी त्यांच्याकडे बघत होते. गॅरेजमध्ये ते खांदे पाडून उभे होते, चावी हातात घेऊन, जणू ती कुणा दुसऱ्याची आहे. आता ते ताठ बसले होते. नाखवांनी इंजिनाच्या आवाजाबद्दल काही विचारलं तर त्यांनी डोळे मिटून तो आवाज तोंडाने काढून दाखवला आणि कुठला व्हॉल्व्ह सैल असेल ते सांगितलं. मला वाईट वाटलं, आणि कशाचं ते नीट कळलं नाही. बोटीवर त्यांचं जे जे बरोबर होतं, त्यानेच ही गाडी बंद पाडली होती.

त्या आठवड्यात आई मला सारखी म्हणायची, "तू सांग गो बाय. तू शिकलेलीस." आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. त्यामुळे लाइटबिल चुकलं तरी माझ्याकडे येतं आणि डॉक्टरांची चिठ्ठीही. पण ह्यात काय सांगावं ते मला कळेना. मी मोबाईलवर बघितलं. एकजण म्हणत होता जुन्या गाडीत दुसरं इंजिन कधीच घालू नये, दुसरा म्हणत होता त्याने घातलं आणि गाडी मस्त चालते. लोखंड मिठाने का गंजतं हे मी परीक्षेत लिहून आले होते. पण पत्रा किती दिवस टिकेल, हे मला त्यावरून सांगता येत नव्हतं. आणि मला सारखं वाटायचं की इंजिन बसवल्यावर बाबा पुन्हा तसंच करतील. पुन्हा काटा वर जाईल, पुन्हा ते खिडकीतून वाकून धार बघतील. मग दुसऱ्या इंजिनाचा उपयोग काय? हे बोलायचं तर घाटातलं सगळं सांगावं लागलं असतं. मी "बघूया" म्हणायचे. आई म्हणायची, "बघूया तर मीपण म्हणू शकते, त्याला कॉलेज कशाला?"

शेवटी ती म्हणाली, "देवीला कौल लावूया."

कौल म्हणजे देवीला विचारणं. गुरव ओल्या पाकळ्या मूर्तीच्या डाव्या-उजव्या बाजूंना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवी हो म्हणाली, डावी पडली तर नको. आमच्याकडे लग्न, घर, बोट, सगळ्याला कौल लावतात. बाबांनी तर कधी कौल लावल्याशिवाय नवीन जाळं पाण्यात टाकलं नव्हतं. पण ह्या वेळी ते म्हणाले, "गाडीसाठी कसला कौल? देवीला दुसरी कामं नाहीत?"

"मागे तुम्ही पंख्यासाठी लावलेला," आई म्हणाली.

ते टाळत होते. आज पाय दुखतो, उद्या गुरव गावात नाही. मला कारण कळत होतं. गाऱ्हाण्यात सगळं मोठ्याने सांगावं लागतं. आई नेहमी म्हणते, देवीपुढे अर्धं सांगितलं तर कौलपण अर्धाच मिळतो.

तरी एका सकाळी गेलो. देवळात आम्ही तिघं आणि गुरव, एवढेच होतो. गुरव पाकळ्या भिजवत म्हणाला, "बोला, काय विचारायचा?"

"गाडीचं इंजिन बदलावं की नको."

"बदला की. परवा एकाने मोबाईल बदलायला कौल लावला, तुमचा निदान इंजान तरी हाय." मग त्याने विचारलं, "गेला कशान?"

"पाईप फुटला."

"आपोआप?"

गुरवाला काही शंका आली होती असं नाही. त्याला फक्त गाऱ्हाण्यात नीट घालायचं होतं. आई डोळे मिटून हात जोडून उभी होती. बाबा मूर्तीकडे बघत होते आणि त्यांचा एक हात दुसऱ्या हातावरच्या डागावरून फिरत होता. मी मनात म्हणत होते, सांगा. आणि त्याच वेळी, नका सांगू, असंही म्हणत होते.

"पाईप फुटला," बाबा पुन्हा म्हणाले. "पण काटा वर गेलेला. मी बघितलेला. पोरगी सांगत होती थांबा म्हणून. मी थांबलो नाय."

आईने डोळे उघडले.

गुरवाने मान हलवली, पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं. त्याचा आवाज मोठा आहे, देवळाबाहेरही जातो. प्रत्येक वाक्यानंतर आपण "होय म्हाराजा" म्हणायचं असतं.

"बाय देवी म्हाराजा, तुझा लेकरू आज तुझ्या पायाशी उभा हाय..."

"होय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

"गाडी घेऊन घाटातून येत व्हता..."

"होय म्हाराजा."

"काटा वर गेलेला त्याने बघितला म्हाराजा, लेक सांगत व्हती थांब, पण लेकरू थांबला नाय..."

मी "होय" म्हटलं नाही. मला ते जमलं नाही. आईचाही आवाज आला नाही. एकटे बाबाच म्हणाले, "होय म्हाराजा." मी त्यांना कधी एवढ्या हळू आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं.

मग आम्ही थांबलो. पाकळ्या चिकटून होत्या. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं, ह्या वेळी थोडक्यात. मूर्तीवरून पाण्याचा एक थेंब ओघळला, पण पाकळी हलली नाही, ना उजवी ना डावी. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल आली आणि गेली. खूप वेळाने गुरव म्हणाला, "आज बोलत नाय ती. व्हतं असा कधी कधी. पुन्हा या."

आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरलो. खाली गडग्यावर, जांभ्याच्या बुटक्या भिंतीवर, आई टेकली. मला वाटलं ती इंजिनाबद्दल बोलेल, किंवा खोटं सांगितल्याबद्दल.

तिने विचारलं, "बोटीवर चक्कर आली तेव्हा पण आधी कळलं होतं ना?"

बाबांचा हात पुन्हा डागावर गेला.

"खरं सांगा. आता एवढं देवीला सांगून आलात, मला सांगायला काय जातं?"

"कळलं होतं," बाबा म्हणाले. "सकाळपासून डोळ्यांपुढे अंधारी येत होती."

"मग वर का नाय आलात?"

"जाळं ओढत होते. इंजिन सोडून कसा येऊ?"

आई बराच वेळ पायातली चप्पल बघत होती. तिचे डोळे भरले नव्हते. पण लिलावात कुणी सडका माल तिच्या पाटीत टाकला की होतं तसं तिचं तोंड झालं होतं. मग ती उठली.

"इंजिन बसवा," ती म्हणाली.

"कौल नाय मिळाला."

"नाय मिळाला तर नाय मिळाला. रस्त्याला कड असते. तुम्हाला थांबायचं सुचलं तर थांबायला जागा तरी असते. तिकडे दर्यात कुठं थांबणार?" ती दोन पावलं पुढे गेली आणि वळली. "पण प्रत्येक खेपेला निवळीचा घाट चढून आलात की गाडी कडेला घ्यायची. बंद करायची. आणि फोन करायचा. माझे हात मासळीत असतात, बायला करा."

"काटा वर नसला तरी?"

"नसला तरी."

नाखवांना नाही सांगायला बाबा स्वतः गेले. बराच वेळ लागला त्यांना. आल्यावर म्हणाले, त्या पोराला तो सैल व्हॉल्व्ह दाखवून आलो. एवढंच. नंतर ते मागीलदारी जाऊन उभे राहिले आणि आईने त्यांना हाक मारली नाही.

इंजिन कोल्हापूरहून आलं. गॅरेजवाल्याने ते बसवलं तेव्हा बाबा पूर्ण वेळ जवळ उभे होते, पण कशाला हात लावत नव्हते. ते इंजिन चांगलं आहे की नाही हे अजूनही मला सांगता येणार नाही. सकाळी लवकर सुरू होत नाही. गाडीच्या पत्र्याबद्दल गॅरेजवाला म्हणाला ते खरं असेलच. आम्ही बरोबर केलं का, असं मला कुणी विचारलं तर मी अजूनही "बघूया" म्हणेन.

माझं तिसरं वर्ष सुरू झालं. ज्या दिवशी बाबा सावर्ड्याला जातात, त्या दिवशी दुपारी मी फोन हातात ठेवते. ते एकच शब्द बोलतात, "थांबलोय." मी "बरं" म्हणते आणि ते ठेवतात. पहिले काही दिवस मला एवढंच पुरेसं वाटायचं. फोन उशिरा आला की मी वर्गात बसून घाटातली वळणं आठवत असायचे.

परवा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेबाहेर उभी होते. आजूबाजूला कुणी नव्हतं म्हणून नीट ऐकू आलं.

"थांबलोय."

त्यांच्या आवाजामागे आणखी एक आवाज होता, एकसारखा, खालच्या पट्टीतला. तो मला ओळखीचा होता. आधीच्या फोनांतही तो असेल, मी ऐकला नसेल.

"बाबा, गाडी चालू आहे?"

"कडेला घेतलेय ना. काटा मधेच आहे."

"पण चालू आहे."

इंजिन धडधडत होतं. मग ते म्हणाले, "बाय, बंद केली नि परत चालू नाय झाली तर?"

असं व्हायची शक्यता होती, म्हणजे ते इंजिन तसंच आहे. मी म्हटलं, "नाही झाली तर तुम्ही रस्त्यावर आहात, बाबा. मी गॅरेजवाल्याला फोन करीन."

बराच वेळ तो आवाज तसाच येत राहिला. मग चावी फिरल्याचा आवाज झाला आणि एकदम शांत झालं. इतकं की लांबून जाणारा एक ट्रक मला ऐकू आला, आणि त्यांचा श्वास.

"केली बंद," ते म्हणाले. "आता काय करू?"

"आता थांबा थोडं."

तासाची घंटा झाली. मी फोन ठेवला नाही. त्यांनीही ठेवला नाही.